नव्वदच्या आत

सोमवार, ३ फेब्रुवारी

अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा! बूट काढून, पाकीट काढून, किल्ल्यांचा जुडगा काढून, श्वास पूर्ण सोडून. तरी तेवढंच.

डॉक्टरांनी कागदावर 'नव्वद' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतंय. साखर काठावर आहे, पण चालेल. फक्त एवढ्या चरबीतून किडनी काढायची म्हणजे धोका तुम्हालाच. नव्वदच्या आत या, मग ऑपरेशनचं बोलू. दोन जूनपर्यंत वेळ देतो. नाही जमलं तर यांचं नाव प्रतीक्षायादीत घालू. आणि ती यादी—" पुढे बोललेच नाहीत, नुसता हात लांब केला. खोली संपली तरी हात संपला नव्हता.

ही शेजारीच बसली होती. हिच्या दोन्ही किडन्यांनी गेल्या वर्षी काम सोडलं. तेव्हापासून मंगळ, गुरू, शनी, चार-चार तास मशीनला जोडून घेते.

मी म्हटलं, साडेआठ किलो म्हणजे फ्रिजचा एक लहान कॉम्प्रेसर. तरुणपणी असे दोन खांद्यावर टाकून चार-चार मजले चढलोय. आता तो पोटावर बांधलाय, एवढंच. उतरवून ठेवतो.

डॉक्टर हसले. ही नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "चढवायला तीस वर्षं लागलीत. उतरवणार चार महिन्यांत."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आहारवाल्या मॅडमकडे गेलो. लेकीच्या वयाची पोरगी. पहिल्याच वाक्यात 'काका'. माझ्या फ्रिज-दुरुस्तीच्या दुकानात मला शेठ म्हणतात, गिऱ्हाईक साहेब म्हणतं — इथे सरळ काका.

तक्ता दिला. सकाळी अंड्याचं नुसतं पांढरं. दुपारी एक मूठ भात — मूठ माझी नाही, तिची. संध्याकाळी सूप आणि उकडलेल्या भाज्या. तेल, बटर, साय, साखर — एकदम बंद.

विचारलं, "आणि रविवारी?"

"रविवार पण वारच असतो ना, काका."

मी तिच्याकडे बघत राहिलो. गिऱ्हाईक घासाघीस करताना बघतं तसं. तीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. शेवटी म्हणाली, बरं, आठवड्यातून एक जेवण मनासारखं घ्या. एक जेवण. दिवस नाही. लोक त्याला चीट डे म्हणतात, मी म्हणत नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. मशीनवरून आलेली, म्हणजे मंगळवारी ही सहसा बोलतही नाही, पडून असते. पण ताडकन उठून बसली. "एक जेवण कसलं? पुरता दिवस घ्यायचा. सात दिवसांतून एक दिवस माणसाने माणसासारखं जगावं की नाही? मी करीन सगळं."

बरं वाटलं. एवढ्या आजारपणात माझ्या जिभेची काळजी!

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुकानात कामं कमी होती, म्हणून माझ्या पोटावर परिषद भरली.

मिस्त्री वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, त्यामुळे तोंड सैल. "शेठ, फ्रिजमध्ये सहा दिवस गॅस भरा आणि सातव्या दिवशी पाइपला भोक पाडा, असं आपण गिऱ्हाइकाला सांगतो का?"

तक्रारी लिहून घेणाऱ्या बाई फोन खाली ठेवून म्हणाल्या, "उलटं बोलताय मिस्त्री. फ्रिज अधूनमधून डिफ्रॉस्ट करावाच लागतो. नाहीतर बर्फ साचून साचून एक दिवस दारच लागत नाही."

दोघांचंही पटलं. म्हणून निकाल मी दिला — दुकान माझं, पोटही माझं. रविवार मोकळा.

मग नवा वाद. रविवार सुरू कधी होतो? मिस्त्री म्हणाला, झोपून उठल्यावर. मी म्हटलं, दुकानाचं शटर पडलं की शनिवार संपला. बाई म्हणाल्या, मग सोमवार पण शटर उघडल्यावरच सुरू होणार का? म्हटलं, बाई, तुमचा पगार वाढवला पाहिजे.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेतला. शटर पडलं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

काय लिहू. तीन अंड्यांचं ऑम्लेट, आतून पिवळं ओघळणारं. ब्रेड बटरमध्ये भाजलेला, कडेला करकरीत. दुपारी तळलेले बटाटे, हिने दोनदा तळून काढले, त्याशिवाय तो आवाज येत नाही म्हणे. खरंच येत नाही. दाताखाली मोडतानाचा आवाज मी डोळे मिटून ऐकला. संध्याकाळी आइस्क्रीम.

हिला यातलं काहीच चालत नाही. बटाटा वर्ज्य, मीठ वर्ज्य, पाणीसुद्धा दिवसाला तीन पेले. पण समोर बसून सगळं वाढत होती. "अजून दोन घ्या. घ्या हो, परत सहा दिवस आहेतच उपास." चेहरा असा उजळलेला की मी पोट भरल्यावरही चार बटाटे जास्त खाल्ले. तिच्यासाठी.

सोमवार, १० फेब्रुवारी

९८.७. ठीक. आइस्क्रीम अजून आतच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

९८.३. रोज सकाळी तासभर चालतो. गिऱ्हाइकाकडे जाताना लिफ्ट बंद, म्हणजे माझ्यापुरती बंद. सहा दिवस उकडलेलं गवत खातो. खोटं का बोलू, हिच्या हातचं गवतही चवदार लागतं. काल-परवा कोबी असा झाला होता की वाटी पुसून खाल्ली. म्हटलं, तुझ्या हाताला चव आहे, पाण्यात दगड उकडलेस तरी खाईन. ही म्हणाली, "दगड मऊ व्हायला वेळ लागतो."

सोमवार, २४ फेब्रुवारी

९८.२. मॅडमने तक्ता बघितला, मला बघितलं, परत तक्ता बघितला. "काका, लपवू नका. मधल्या वेळात काय खाता?"

आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता. मी लोकांच्या कोल्डरूमची कुलपं उघडून एकटा आत काम करतो. चॉकलेटच्या थप्प्या असतात आत. तीस वर्षांत कशाला बोट लावलेलं नाही. आणि ही पोरगी मला चोर ठरवते.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरीला, पण कान इकडे. वहीत लिहून ठेवल्यासारखे आकडे पाठ. "बाबा, तीन आठवड्यांत चारशे ग्रॅम. या हिशेबाने आईला किडनी मिळेल तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल. चीट डे बंद. आजपासून."

म्हटलं, बंद.

फोन ठेवला तर ही दारात उभी. "लेकीला काय कळतं? एका दिवसाने असं काय होणार आहे?" म्हटलं, सहा दिवसांत मिळवलेलं एका दिवसात जातं, दुसरं काय. तर म्हणाली, "बरोबर आहे. माझ्या हातचं नकोच झालंय तुम्हाला."

आता याला काय उत्तर द्यायचं? वाटी पुसून खाणाऱ्या माणसाला!

रविवार, २ मार्च

चीट डे नाही. ही दिवसभर बोलली नाही. भांडी मात्र फार बोलली.

मी बागेला तीन फेऱ्या मारून आलो. बाकावर एक म्हातारा पाकिटातून काहीतरी तळलेलं खात होता. पाकिटाचा आवाज फेरीभर कानात.

सोमवार, १० मार्च

९८.२. पंधरा दिवस झाले चीट डे बंद करून. तेवढंच! एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

काट्यावर संशय घेतला. दुकानातून गॅसचा रिकामा सिलिंडर आणला. त्याचं वजन त्याच्या मानेवरच ठोकलेलं असतं. घरच्या काट्यावर ठेवला. अचूक. काटा निर्दोष सुटला.

ही बाजूला उभी राहून बघत होती. "काट्याला कशाला छळताय? शरीरच तसं आहे तुमचं. हाड जड. सोडून द्या ना." आवाज असा मऊ की मला वाटलं, माझी निराशा तिला बघवत नाहीये.

बुधवार, १२ मार्च

मिस्त्रीला सांगितलं. त्याने हातातलं काम ठेवलं. "शेठ, आपण काय करतो? मशीन चालतंय, बिल वाढतंय, थंडावा नाही. म्हणजे गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासायचा. घाई नाही करायची. फुगा कुठे येतो तेवढं बघायचं."

"माझ्या पोटाला साबण लावू?"

"नाही शेठ. जिथून आत जातं तिथे लावा."

खरं आहे. बाहेर काय जातं ते मी महिनाभर मोजतोय. आत काय येतं ते बघितलंच नाही.

शुक्रवार, १४ मार्च

फुगा आला.

आज मशीनचा वार नाही, म्हणून ही स्वयंपाकघरात होती. मी बाहेर खुर्चीत, पेपर डोळ्यासमोर, कान आत. कोबी चिरल्याचा आवाज. भांड्यात पाणी. झाकण. मग फ्रिजचं दार उघडलं, रबर सुटतानाचा हलका चुंबनासारखा आवाज. आणि मग — टक्.

तो टक् या घरात माझ्याएवढा कुणाला माहीत नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्यात बटरचा कप्पा असतो, त्याच्या झाकणाचा. जुनी स्प्रिंग तुटली होती, मी दुसरी बसवली, ती जरा कडक निघाली. अंड्यांच्या कप्प्याला झाकण नाही. दूध खाली. टक् म्हणजे बटरच. दुसरं काही नाही.

कोबी माझा. घरात दुसरं कुणी कोबी खात नाही. आणि खारं बटर हिला मुळीच चालत नाही.

पाचच मिनिटांनी पुन्हा दार. पुन्हा टक्. सूप.

ताट आलं. मी जेवलो. वाटी पुसून. पाण्यात उकडलेल्या कोबीला अशी चव कुठून येते हे महिनाभर माझ्या डोक्यातच आलं नाही! दुसऱ्याच्या मशीनमधला बारीक आवाज मी फोनवरून ओळखतो — गिऱ्हाइकाला सांगतो, फोन जरा मागे धरा, हं, कळलं. स्वतःच्या घरात मात्र बहिरा.

बोललो नाही. कारण एकदम कळेना — का?

शनिवार, १५ मार्च

हिला उठून जाता येत नाही अशी जगात एकच जागा आहे. डायलिसिसची खुर्ची. चार तास. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. मशीनचा पंप एका लयीत चालला होता.

म्हटलं, "कोबीत बटर किती घालतेस?"

तिने डोळे मिटले. झोपेचं सोंग. ते मी तीस वर्षं बघतोय.

"किती?"

"चमचाभर."

"कुठला चमचा?"

जरा थांबून — "वाढायचा."

"सूपमध्ये?"

"साय."

"आणि चहात?"

"साखर. चहात आणखी काय घालणार?"

मला हसू आलं. येऊ नये तेव्हा येतं. विचारलं, "काय गं, मला जाडा ठेवून काय मिळणार तुला?"

डोळे उघडले. "मला तुमची नकोय."

"का? माझीच नको का कुणाचीच नको?"

"लग्न झाल्यापासून घरात एक नवी वस्तू आणली नाहीत. फ्रिज कुणाचा तरी जुना, पंखा कुठल्यातरी हॉटेलातून उतरवलेला, धुलाईचं मशीन तीन मशिनं जोडून एक. आता हे पण सेकंडहँड. पन्नाशी उलटलेला माल."

"चालू स्थितीत आहे. मी खात्री देतो."

पलीकडची तंत्रज्ञ मुलगी वळून बघायला लागली, एवढे दोघं हसलो. मग हिचं हसू आधी थांबलं.

"ती समोरच्या खुर्चीवरची शिक्षिका बघितलीत? आज आली नाहीये. तिला नवऱ्याने दिली होती. अकरा महिने चालली. आता परत इथे. नवरा दर वेळी गाडीने सोडतो, दर वेळी नेतो. त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ती म्हणते, एकदा तरी ओरडला असता तर बरं झालं असतं." पंप फिरत होता. "मी तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं का रोज? चालतेय ना, चालतेय ना? तुम्ही सहज कमरेवर हात ठेवलात तरी मी विचारणार, दुखतंय का? इथे निदान माझं माझं आहे. दुखलं तर माझं दुखतं."

म्हटलं, "मग सरळ सांगायचं होतंस."

"तुम्हाला सरळ सांगून कधी काही थांबलंय? डॉक्टर नव्वद म्हणाले आणि तुम्ही लगेच कॉम्प्रेसर उतरवायला निघालात. मला कुणी विचारलं? डॉक्टरांनी नाही. लेकीने नाही. तुम्ही तर नाहीच. सगळे येऊन सांगताहेत, केवढं भाग्य तुमचं. मी काय म्हणणार? नको म्हटलं तर वेडी. म्हणून बटर."

अडीच तास बाकी होते, आम्ही दोघं पंपाकडे बघत बसलो.

रविवार, १६ मार्च

सकाळपासून तेच डोक्यात. एखाद्याच्या घरी जाऊन त्याला न विचारता मशीन बसवून यायचं आणि वर म्हणायचं, बघा किती थंड करतं! असं मी कधी गिऱ्हाइकाशी वागलो नाही. बायकोशी वागलो.

राग पण आला. लपवत नाही. सहा आठवडे मी पहाटे उठून चालतोय, गुडघे कुरकुरताहेत, एका पोरीकडून चोर म्हणवून घेतलं — आणि इकडे वाढायचा चमचा!

दुपारी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, ऐक. मला द्यायची आहे. का ते विचारू नकोस, मला बोलता येणार नाही. पण घ्यायची की नाही ते तुझं. आजपासून तू वाढशील ते खाईन. बटर घातलंस तर बटर, नाही घातलंस तर नाही. बाहेर काही खाणार नाही, ताटाला नाव ठेवणार नाही, विचारणार नाही. दोन जूनला काटा जे सांगेल ते तुझं म्हणणं, असं मी धरीन. लेकीलाही तेच सांगीन.

ती ओटा पुसत राहिली. मग, "आणि रविवार?"

"रविवार पण तुझा."

अर्ध्या तासाने ताट आलं. तळलेले बटाटे. दोनदा तळलेले.

खाल्ले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज आवडला नाही.

सोमवार, १७ मार्च

९८.५. संध्याकाळी टक्.

मंगळवार, १८ मार्च

टक्. दोनदा.

बुधवार, १९ मार्च

लेकीचा फोन, स्पीकरवर. ही समोरच कपडे घड्या करत होती. "बाबा, वाढलंय? वाढलंय? तुम्ही करताय काय? खरं सांगा, दुकानात खाता ना?"

हिचे हात थांबले.

म्हटलं, हो, खातो. बेकरी रस्त्यातच पडते. जीभ ऐकत नाही, काय करू.

मग लेकीने पाच मिनिटं जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलण्यात माझ्यावर गेलीये. शेवटी रडली. "आईपेक्षा केक मोठा का तुम्हाला?" मी म्हटलं, चुकलं, सुधारतो.

फोन ठेवल्यावर हिने एकच शर्ट तीनदा घडी घातला. रात्रीच्या जेवणात टक् झालाच.

शनिवार, २२ मार्च

खुर्चीत पडल्या पडल्या एकदम म्हणाली, "किती दिवस दुकान बंद ठेवावं लागेल तुम्हाला?"

मी पण सहज आवाजात, "सहा आठवडे जड उचलायचं नाही म्हणतात. बंद कशाला? मिस्त्री आहे."

"मिस्त्री गिऱ्हाइकाशी भांडतो."

"सहा आठवडे भांडेल."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. पण मी दुकानदार माणूस आहे. गिऱ्हाईक 'हे महाग आहे, नको' म्हणतं तोवर ते बाहेरच्या दाराकडे तोंड करून असतं. 'ठेवायचं कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं' असं विचारायला लागलं की— नाही, लिहीत नाही. लिहिलं की नासतं.

मंगळवार, २५ मार्च

"कुठल्या बाजूची काढतात?"

"बहुतेक डावी."

"तुम्ही डाव्या कुशीवर झोपता."

"उजव्या कुशीवर झोपेन."

"म्हणजे घोरणं माझ्या कानात."

संध्याकाळी टक्. तरीही टक्. या बाईचं मला आजतागायत कळलेलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

हिने विचारलं, तुमची किडनी अकरा महिन्यांत बंद पडली तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. गोड बोलू नका.

खूप वेळ विचार केला. ताटातलं गार झालं. म्हटलं, वाईट वाटेल. फार वाटेल. त्या शिक्षिकेच्या नवऱ्यासारखा गप्प मात्र राहणार नाही, मला जमत नाही. डॉक्टरला शिव्या घालीन, मशीनला घालीन, एखाद्या दिवशी तुलाही ओरडेन — पाणी जास्त प्यायलीस, गोळी चुकवलीस म्हणून. तू पण ओरड. तीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, कधी आभार मानले नाहीत, नावंच ठेवली. तू पण नावं ठेव. म्हण, भिकार किडनी दिलीत.

"म्हणेन," ती म्हणाली. एवढंच. आणि ताट उचलून परत गरम करून आणलं.

सोमवार, ३१ मार्च

९९.१. आयुष्यातला सर्वांत मोठा आकडा! मॅडमने तक्त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. 'काका' सुद्धा म्हणाली नाही. मी सवयीने हसलो. परत येताना पायऱ्यांवर बसलो थोडा वेळ. दोन महिने उरलेत. एवढे किलो दोन महिन्यांत जातील का, गेले तर जातील, पण सुरुवात आज व्हायला हवी. उद्याही चालणार नाही.

वाटलं, घरी जाऊन एकदाच सांगावं — बस झालं आता. दारापर्यंत तोच विचार. आत गेलो, ताट समोर आलं, खाल्लं. बोललो नाही. विचारणार नाही म्हटलंय तर विचारणार नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

मशीनवरून येताना गाडीत म्हणाली, "लेकीला खोटं का सांगितलंत?"

"तुझं म्हणणं तुझ्यापाशी राहावं म्हणून."

खिडकीबाहेर बघत राहिली. घर आलं तरी उतरली नाही. मी पण इंजिन चालू ठेवून बसलो.

शनिवार, ५ एप्रिल

आज प्रश्न नाही. चार तास झोपली. खरी झोप.

रविवार, ६ एप्रिल

ताटात पाण्यात उकडलेला कोबी. अळणी, पांढरा, वर काही नाही. पातळ सूप, तळ दिसणारं. ही समोर खुर्ची ओढून बसली.

म्हटलं, "आज रविवार. चीट डे?"

म्हणाली, "ऑपरेशन होऊ दे आधी."